दाराकडं वाहणारी नदी

मी नांदेडची. गोदावरीच्या घाटावर बसून चित्रं काढायला शिकले आणि लग्न होऊन लातूरला आले, जिथं नळ कधी येणार ते नळालाच ठाऊक नसतं. येताना कॉलेजातल्या सरांनी निरोपाला दिलेलं एक छापचित्र तेवढं आणलं. शंभरेक वर्षांपूर्वी कुण्या परदेशी चित्रकारानं केलेलं, सरांना हैदराबादच्या जुन्या बाजारात सापडलेलं. शहरातली नदी, पूल, काठावरची धुरकट घरं, कोपऱ्यात पेन्सिलीनं सही. या घरात माझी म्हणावी अशी तेवढीच वस्तू. ती मी हौसेनं हॉलमध्ये टांगली.

मग वास्तुवाले गुरुजी आले. चहा पिता पिता त्यांनी निदान केलं की चित्रातली नदी दाराकडं वाहते, म्हणून घरातली लक्ष्मी बाहेर चालली. मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते लगेच पटलं. घरात काही म्हणजे काही बिघडलेलं नव्हतं, पण गुरुजींचा मान राखायला नको का! समोरच्या भिंतीवर लावू म्हटलं, तर तिथं टीव्ही. टीव्ही कोण हलवणार?

मामंजींनी चित्राचा मोबाइलवर फोटो काढला, नदी घरात वळावी म्हणून औसा रोडवरच्या फ्लेक्सवाल्याकडून आरशातल्यासारखा उलटा करून घेतला आणि सोफ्याएवढा छापून आणला. त्या बिचाऱ्या चित्रकारानं तांब्याच्या पत्र्यावर अख्खं शहर उलटं कोरलं असेल, कागदावर सुलटं यावं म्हणून. फ्लेक्सवाल्यानं ते एका बोटानं फिरवलं. सहीसुद्धा उलटी. पाहुणे आले की मामंजी तिच्यावर बोट ठेवून सांगायचे, "उर्दूत हाय. निजामाच्या टायमाची."

माझं चित्र कुठं गेलं ते कुणी सांगेना. सासूबाई म्हणाल्या, असंल की कुठंतरी. सापडलं न्हाणीघरात. काचेची फ्रेम पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून बरोब्बर बसली होती. ओल चढून कागद फुगला होता, घरांवर पिवळे डाग, सहीच्या जागी बुरशी. रागानं मला रडूच फुटलं.

मामंजी मागून म्हणाले, "अगं, रडायलीस कशाला? हॉलमध्ये मोठं हाय की. लई भारी."

मी स्टूल घेतलं, फ्लेक्स उतरवला, घडी घालून पिंपावर टाकला आणि बुरशीसकट फ्रेम पुन्हा तिच्या खिळ्यावर टांगली. अजून तिथंच आहे. पाहुणे विचारतात, एवढं चांगलं चित्र कशानं खराब झालं? मामंजी टीव्हीचा आवाज वाढवतात.