पोळपाटाचा ठसा

नव्वदच्या दशकात मी परदेशात, हॅमिल्टनला फार्मसिस्ट होते. दिवसभर दुसऱ्यांनी खरडलेल्या चिठ्ठ्या वाचायच्या आणि दुसऱ्यांनी ठरवलेल्या गोळ्या द्यायच्या. म्हणून दर शनिवारी एका जपानी बाईंकडे लाकडी ठशांची चित्रं शिकायला जाऊ लागले. पूर्वी जपानात एकाने चित्र काढायचं, दुसऱ्याने कोरायचं, तिसऱ्याने छापायचं असं चाले. नव्या चित्रकारांनी ते मोडलं. बाईंचा नियम एकच: आपणच काढायचं, आपणच कोरायचं, आपणच छापायचं. मला हे भलतंच आवडलं. निदान एक गोष्ट तरी फक्त माझी!

आमचे हे हाडांचे डॉक्टर. हत्यार दिसलं की यांचे हात शिवशिवतात. रविवारी आमच्या वर्गाचं प्रदर्शन, आणि शुक्रवारी मी कामावरून येते तर माझी अर्धवट कोरलेली फळी अख्खी कोरून तयार! "अगं, तुझा हात थरथरतो. म्हटलं, उरलेलं उरकून टाकावं," हे म्हणाले. वर चहा मागितला.

काम माझ्यापेक्षा शंभरपट सुबक होतं, त्याचाच जास्त संताप आला. शनिवारी बाईंनी फळीवर बोट फिरवून विचारलं, "हे तुम्ही कोरलंत?" हो म्हणावंसं फार वाटलं. पण तोंडातून निघालं, "नाही, नवऱ्याने."

"मग उद्या तुमचं आणा."

उद्या! लाकडाचं दुकान दुपारीच बंद झालेलं. घरी आले, पुण्याहून बॅगेत आणलेला सागवानी पोळपाट उचलला आणि त्यावर परसातली कपडे वाळत घालायची दोरी कोरायला घेतली. दोरीवर टॉग्ज, म्हणजे तिकडचे पोहायचे कपडे, खाली जँडल्स, म्हणजे रबरी चपला. हे मागे घुटमळत होते. "तिथे जरा खोल..."

"खबरदार हात लावाल तर!"

शाई फासली, कागद ठेवला आणि वाटीच्या बुडाने घासघासून छापलं. दोरी वाकडी, एक जँडल होडीएवढी. रविवारी बाई त्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "हे तुमचं," म्हणाल्या. मला चक्क रडू फुटलं.

घरी आल्यावर यांना भूक लागली. "आता पोळ्या कशावर लाटणार?"

"ओटा आहे की. आणि आज तुम्ही लाटणार."

यांनी लाटली. एका बाजूला शेपूट, मधे भोक. माझे हात काय शिवशिवले म्हणून सांगू! दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले.

"कशी झालीय गं?" यांनी घाबरत विचारलं.

"तुमची झालीय," मी म्हटलं, आणि पहिला घास मीच घेतला.