मांडवातलं बिऱ्हाड

सातासमुद्रांपलीकडे कुठे तरी लढाई जुंपली आणि इकडे अमरावतीच्या बाजारात आमच्या कापसाला कधी न ऐकलेला भाव आला. लढाई कोणाची, कशासाठी, हे गावात एकालाही ठाऊक नव्हतं. ती लवकर मिटू नये म्हणून मारुतीला नारळ मात्र सगळे फोडत. बाबांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. बैलांना त्याचं काही वाटलं नाही, पण बाबांना मान ताठ ठेवून चालायची सवय लागली. त्याच उन्हाळ्यात त्यांनी माझं लग्न केलं.

मांडव असा घातला की अर्धं गाव गुरांसकट मावलं असतं. वर पळसाच्या आणि जांभळाच्या डहाळ्या, इतक्या दाट की ऊन खाली यायला वाट शोधत बसे. लग्न झालं, मी बाळापूरला सासरी थोडे दिवस राहिले आणि रीतीप्रमाणे परत आले. आता मांडव मोडायचा आणि मला नांदायला धाडायचं. दारात मांडव उभा असेतो मुलगी नांदायला निघत नाही, ही आमच्या घरची रीत. मला जायचं नव्हतं. सासूबाईंनी मला पुढून-मागून पाहून "रंग बरा हाये, हात बारीक हायेत" एवढंच म्हटलं होतं. बाजारात गोऱ्हा पाहतात तसं. मी घरी येऊन खूप रडले. बाबा म्हणाले, "रडून काय होते? साऱ्याच पोरी जातात."

मांडव मोडायला गडी चढला आणि डहाळ्यांतून एक बुलबुल फडफडत निघाली. वाळक्या पानांच्या बेचक्यात वाटीएवढं घरटं होतं, आत गुलाबी ठिपक्यांची अंडी. खाली मऊ म्हणून बयेनं आमच्याच गंजीतला कापूस अंथरला होता. साऱ्या जगाला हवा असलेला कापूस तिनं भावाची चौकशी न करता उचलला होता.

जोशीबुवांना बोलावणं गेलं. त्यांनी वर पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "यजमान, लक्ष्मी बिऱ्हाडाला आली आहे. घरटं मोडलंत तर भाव मोडेल." नेमकं कुठे दाबलं म्हणजे माणूस ओरडतो, हे जोशीबुवांना पक्कं ठाऊक होतं. बाबांनी गड्याला खाली उतरवलं. मुलीच्या रडण्यानं जे झालं नव्हतं ते एका बुलबुलीनं न रडता करून दाखवलं.

राखणीला एक म्हातारा गडी बसवला. जन्मभर त्यानं गोफण फिरवून ज्वारीवरची पाखरं हाकलली होती; आता तीच गोफण घेऊन तो कावळ्यांपासून पाखरं सांभाळू लागला. मला म्हणे, "आतापावतर हाकलत होतो, आता राखून राहिलो. तुह्या बाबाले कापूस चढला, पोरी."

मी दिवसभर मांडवाखाली. लोकांना वाटे, पोरीला पाखरांचा काय लळा! लळा कसला, मी माझे उरलेले दिवस मोजत होते. पिलं अंड्यातून निघाली तेव्हा मला धस्स झालं. उघडी, आंधळी, नुसती तोंडंच तोंडं. इतकी कुरूप पोरं कधी उडणार नाहीत असं मी मनाला समजावलं. पण आईबाप नतद्रष्ट उद्योगी होते. नर नाकतोडा आणी, मादी अळी आणी. एक घास गिळतो न गिळतो तोच दुसरा तयार. इतकं खायला घालायची काय गरज होती? दुपारी थोडं झोपावं, माणसासारखं. पण नाही. बघता बघता पिलांना पिसं फुटली, शेपटीखाली फिकट लालसर डाग दिसू लागला, आणि माझी झोप उडाली.

मायला या प्रकरणाचा संताप होता. ती मांडवाखाली तूर निवडायला बसे आणि लक्ष्मी वरून नेम धरून सुपात शिटे. "लक्षुमी असंन तर पाय पुसून ये म्हना," ती पुटपुटे. घरट्याकडे तिनं कधी मान वर करून पाहिलं नाही. माझ्याकडेही फारसं नाही. मला वाटे, मी गेले तर हिला एक भाकर कमी थापावी लागेल, इतकंच.

मध्येच माझे चुलतसासरे मला न्यायला आले. मूळ म्हणून आलेला माणूस. त्याला रिकामं कसं धाडायचं? जेवणावर ताव मारून ते म्हणाले, "आमची सून पाखरायपाई अडून राहिली, असं गावात सांगू का मी? लोकं हासून राहिले." बाबांनी हात जोडले. "पिलं उडू द्या, मंग घेऊन जा." चुलतसासरे गेले, पण जाताना घरट्याकडे असं पाहिलं की मी धावत जाऊन घरट्याखाली बसले.

मग एका सकाळी मी विहिरीवरून आले तर वर सगळं चूप. घरटं रिकामं. पलीकडे काटेरी कुंपणावर पिलं फुगून बसली होती आणि त्यांचे ते उद्योगी आईबाप तिथंही भरवत होते. मी घागर घेऊन तशीच मांडवाखाली उभी राहिले. खाली माय तूर निवडत होती. तेवढ्यात बाबा शेतातून आले.

"उडाले काय वं पिलं?"

"काहाचे उडाले!" माय सुपातून मान न काढता म्हणाली. "हायेत ना आतमंदी."

बाबांनी कुंपणाकडे पाहिलं. तिथला कलकलाट बहिऱ्यालाही ऐकू गेला असता. त्यांनी मायकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि "बरं, राहू दे," म्हणून हातपाय धुवायला गेले. भावाच्या भीतीनं म्हणाले की आणखी कशानं, ते मला आजवर कळलेलं नाही. मी मात्र मायकडे बघतच राहिले. हे ती माझ्यासाठी बोलली होती. मला रडू आलं आणि हसूही आलं.

त्या खोट्यावर आम्ही सगळे थोडे दिवस सुखानं जगलो. राखणदार रिकामं घरटं राखत होता, जाणाऱ्या-येणाऱ्याला "पिलं झोपली हायेत" म्हणून सांगत होता. मग चुलतसासरे पुन्हा आले, या वेळी बैलांची दमणी जुंपूनच. मायनं दारातच सांगितलं, "हायेत आतमंदी." ते सरळ आत आले. खाटेवर चढले, डहाळ्यांत हात घातला आणि घरटं काढून मायच्या हातावर ठेवलं. आत कापूस होता, थोडी पिसं होती.

मांडव तासाभरात जमीनदोस्त झाला. "उभी काय राहिली? बस इथं," माय मला म्हणाली आणि केस विंचरू लागली. वेणी घातली. मग म्हणाली, घट्ट झाली, आणि सोडली. पुन्हा घातली. मग सैल झाली म्हणून सोडली. बाहेर चुलतसासरे हाका मारत होते, बैल पाय आपटत होते. माय तिसऱ्यांदा पेड घालू लागली.

मी हललेसुद्धा नाही. वेणी पहिल्याच वेळी ठीक झाली होती.