गव्हर्नरमधलं शिसं

“चुडी चढवू नोको! हात बाजूले घे आधी!”

मी इतक्या जोरात ओरडलो की गुलाबच्या हातातली मेणाची चुडी पडता पडता राहिली.

“काहून बोंबलता, शेषरावभाऊ? बाजा आमचा, चुडी आमची,” तो म्हणाला.

“हा साउंड बॉक्स तुमच्या बाज्याचा नाही. एकदा टेकला की तुया बापाचा आवाज भुसा होऊन खाली पडंल.”

त्याने चुडी आईच्या मांडीवर ठेवली.

आम्ही अंजनगाव सुर्जीत गुलाबच्या ओसरीवर बसलो होतो. एका बाजूला वांग्यांच्या टोपल्या बाजारासाठी भरून ठेवलेल्या, मध्ये पाटावर फोनोग्राफ. गुलाबला तो विकायचा होता आणि मला घ्यायचा होता. पण त्याची आई पार्वतामाय अट घालून बसली होती. चुडीत तिच्या नवऱ्याने गायलेली गौळण होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. “आधी यायचा, माह्या मालकाचा, आवाज ऐकव,” ती म्हणाली, “मंग बाजा घेऊन जाय.”

आजच्या लोकांना थाळीचा ग्रामोफोन माहीत आहे. फोनोग्राफ त्याच्या आधीचा. त्याची रेकॉर्ड म्हणजे मेणाची नळी, रुंद बांगडीसारखी, म्हणून आमच्याकडे तिला चुडी म्हणतात. ग्रामोफोन फक्त वाजतो. फोनोग्राफवर आवाज भरताही येतो. कर्ण्यात गायलं की सुई मेणात बारीक चर कोरते. मेण मऊ असतं, त्यामुळे घरी भरलेली चुडी जितकी वाजवाल तितकी झिजते.

आता मला तो बाजा कशाला हवा होता, तेही सांगतो. अमरावतीत माझं दुकान आहे, स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. त्याआधी आठ वर्षं मी अकोल्याच्या एका शेटकडे होतो. पाटी त्यांची, हात माझे. मी सोडून आलो तेव्हा शेट गिऱ्हाइकांना सांगत सुटले, “शेषराव कानस चालवतो फक्त. असली पार्ट कोणता अन् जोड कोणता, त्याले काय समजते?” हे वाक्य मी विसरलेलो नाही. अकोल्याच्या एका वकिलांना जुना फोनोग्राफ हवा होता, प्रत्येक पार्ट ओरिजिनल असलेला. शेटला तसा मिळाला नव्हता. मी तो शेटच्या दुकानासमोरून वकिलांच्या घरी नेणार होतो.

असली पार्ट आणि मागून लावलेला जोड ओळखायला फार विद्या लागत नाही, सवय लागते. मी कर्ण्यावरून कधीच सुरुवात करत नाही. कर्णा कोणीही बदलतो. आधी स्क्रूची डोकी पाहतो. कारखान्यातल्या स्क्रूची खाच बारीक आणि सरळ असते. नंतर कोणी उघडला असेल तर काठ खाल्लेले दिसतात. मग एखादी पट्टी सोडवून तिच्याखाली पाहतो. पट्टी पहिल्यापासूनची असेल तर तिच्याखालचं पितळ वेगळ्या रंगाचं, कोरं राहिलेलं असतं. नंतरची असेल तर खालीही वरच्यासारखाच मळ आणि डाग.

या बाज्याचा साउंड बॉक्स, म्हणजे सुई धरणारी डबी, ग्रामोफोनचा होता, पोलादी पिनेचा, तारेने बांधलेला. असली बॉक्सला नीलमाचा गोल दाणा असतो. तो मेणाला कुरवाळतो, पिन खरवडते.

“हा कोणी लावला?” मी विचारलं.

“अकोल्याले रिपेरीले टाकला होता,” गुलाब म्हणाला. त्याने शेटच्याच दुकानाचं नाव घेतलं. मी तिथून निघाल्यानंतरचं काम. “परत आणला अन् दुसरी एक चुडी लावली. सारी खरवडून पांढरी फटक झाली. तेव्हापासून मायनं ही चुडी कापसात घालून ठेवली.”

झालं. माझं डोकं फिरलं. मग मला त्या मशीनमध्ये जिकडेतिकडे शेटच दिसायला लागले. कर्णा काढला. तारा तोडल्या. माझ्या पेटीत एका मोडक्या मशीनचा असली बॉक्स होता, तो बसवला. गव्हर्नर उघडला. गव्हर्नर म्हणजे बाज्याचा लगाम. तीन छोटी वजनं गरगर फिरतात आणि मोटरला ठरलेल्या वेगापुढे जाऊ देत नाहीत. त्या प्रत्येक वजनाला शिशाचा एकेक गोळा चिकटवलेला होता.

“पहा तुमच्या अकोल्याची कारागिरी!” मी म्हणालो. तिन्ही गोळे खरवडून काढले आणि अंगणापलीकडे वांग्यांच्या वाफ्यात भिरकावले.

सगळं साफ केलं, चावी दिली, चुडी चढवली, दाणा टेकवला.

आवाज आला. पातळ, घाईघाईचा.

पार्वतामायने कान पुढे केला. मग मागे सरकली. “हे ते नाही. हे तं कोणाचं पोट्टं गाऊन राहिलं.”

मी दाणा उचलला. वेगाचा स्क्रू शेवटपर्यंत पिळून वेग कमी केला. पुन्हा दोन ओळी. पोट्ट्याची बाई झाली, एवढंच.

“चुडी बदलली असंल तुमी कोणी,” मी चिडून म्हणालो.

“तीस वर्सं माह्या पेटीत हाये ते,” म्हातारीचा आवाज चढला. “बाज्यात तूच हात घातला. काय काढलं त्याच्यातून?”

“शिसं. अकोल्यावाल्यानं लावलेलं.”

“अकोल्यावाल्यानं? अरे बापा, ते यायनं, गुलाबच्या बापानं, लावलं होतं! गौळण लांब, अन् चुडी आधीच सरे. चार खेपा अर्धीच रायली. मंग यायनं शिशानं वजन वाढवून बाजा हळू केला, तवा कुठी पुरी मावली.”

मी उघड्या गव्हर्नरकडे पाहिलं. शिसं कारखान्याचं नव्हतं हे मी बरोबर ओळखलं होतं. पण ज्या वेगाने आवाज भरला, त्याच वेगाने वाजवला तरच तो माणूस बोलतो. मी बाजा ओरिजिनल केला आणि गाणाऱ्याला पोरगं करून टाकलं.

गुलाब आणि मी वाफ्यात ओणवे होऊन गोळे शोधू लागलो. तो शोधता शोधता हसत होता. “शेषरावभाऊ, वांगे तोडू नोका, शिसं शोधा.” दोन सापडले. तिसरा काही सापडला नाही. तिन्ही वजनं सारखी नसतील तर गव्हर्नर थरथरतो आणि आवाज डुलतो. माझ्याजवळ शिशाचा तुकडा होता, पण अंदाजाने चालणार नव्हतं. दोन-दोन ओळींनीही चुडी झिजत होती.

मी पेठेत सोनाराकडे गेलो. त्याच्या काट्यात एकीकडे जुना गोळा, दुसरीकडे माझा तुकडा. कानस मारायची, तोलायचं.

“शिशाचे दागिने कोणाले करता?” सोनाराने विचारलं.

“तुया सासूले,” मी म्हणालो. त्याने तरी काटा दिला.

परत येऊन तिन्ही गोळे बसवले, स्क्रू होता तिथे आणला. हात पंच्याला पुसून दाणा टेकवला.

या वेळी आवाज जाड आला. सावकाश, छातीतला, किंचित नाकातला. पार्वतामाय रडली वगैरे नाही. ती मान हलवत ठेका धरून ऐकत होती. मध्येच तिने बोट वर केलं. “आता खोकलतीन.”

कर्ण्यातून गाणारा खोकलला. थांबला नाही, पुढची ओळ उचलली.

“सांगतलं होतं, चा घेऊन गा म्हणून,” ती कर्ण्याला म्हणाली.

गौळण संपली. ती पदराने चुडी पुसायला निघाली, मी तिचा हात धरला. “पुसू नोका माय, मेण हाये.”

“ने बाजा,” ती म्हणाली. “बोलली तं बोलली.” गुलाब खाली बघत होता. बाजा गेल्यावर त्या चुडीतून दुसऱ्या कोणत्याही मशीनवर पोरगंच गाणार, हे आता तिघांनाही कळलं होतं.

“मले नाही पायजे,” मी जोरात म्हणालो. “वकील ओरिजिनल मागते. शिसं पाहील अन् माह्या तोंडावर फेकंल. हा माल विकाचा नाही.” शिसं मी दहा मिनिटांत काढू शकलो असतो. ते मी बोललो नाही. वर्षातून एकदाच वाजवा, असं दटावून हत्यारं गोळा केली. असली बॉक्स तिथेच राहिला. तो मला तेव्हाही चांगल्या भावाला विकता आला असता, ही रुखरुख आजही आहे.

शेट अकोल्यात अजून सांगतात की शेषराव अंजनगावाहून हात हलवत आला. सांगू देत. मी तेव्हापासून एक नियम पाळतो. जोड दिसला की तो कोणी लावला आणि काय वाजवायला लावला, हे घरातल्या बाईला आधी विचारतो. स्क्रू ड्रायव्हर मग काढतो.