सोंड बाहेर आली नाही

"हे डुकराचं कुणी ठेवलं फ्रिजमध्ये?"

सर नाकाला रुमाल लावून उभे होते. प्रयोगशाळेत आम्ही पाच-सहा जण. डुकराच्या आतड्यातले कृमी ठेवलेल्या वाटीवर माझ्या नावाची चिठ्ठी होती. सरांनी ती वाचली, तरी विचारलं. मी म्हणाले, "माझं आहे, सर."

"काढ बाहेर. वरच्या कप्प्यात प्रसादाचे पेढे आहेत. कळत नाही का?"

मी काढली. माशांच्या आतड्यांच्या वाट्या तशाच राहिल्या. बकरीच्याही. त्यांचा पेढ्यांना काही त्रास नव्हता.

डुकराचा विषय मी मागितला नव्हता. मी नांदेडला पीएचडीला आले तेव्हा सरांनीच दिला. काटेरी डोक्याचे कृमी. कोणत्या प्राण्यात कोणती प्रजाती सापडते, ते ओळखायचं. बाकीच्यांना गोदावरीचे मासे दिले, एकाला बकरी, मला डुक्कर. "तुमच्यात चालतं की," हसत म्हणाले. रेणापूरला आमच्या घरात डुक्कर कधी शिजलं नाही. माय अंगणवाडीत शिकवते, आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात बुद्धवंदना आहे. पण हे मी का सांगत बसायचं? शिजलं असतं तर काय? हे मला फार उशिरा सुचलं. त्या दिवशी नुसतं "हो सर" म्हणाले.

हा कृमी आतड्याच्या भिंतीत सोंड खुपसून बसतो. सोंडेवर आकड्यांच्या रांगा असतात. रांगा किती, आकडे केवढे, यावरून त्याची ओळख पटते. पण आतड्यातून सोडवला की तो सोंड आत ओढून घेतो. मग त्याला रात्रभर साध्या पाण्यात, फ्रिजमध्ये ठेवायचं. पाण्यानं तो फुगतो आणि सकाळी सोंड बाहेर येते. नाही आली तर तो कोण, हे कुणाच्या बापालाही सांगता येत नाही.

माझी वाटी व्हरांड्यात. मे महिना, तोही नांदेडचा. सकाळी पाणी गढूळ, कृमी लिबलिबीत, सोंडा आतच. पुन्हा डुक्कर कापणाऱ्याकडे जा, पुन्हा आतडी आण, पुन्हा तेच. खोलीवर माठाशेजारी ओल्या पोत्यावर वाटी ठेवून पाहिली. घरमालकिणीला वास आला. खोली गेली. सोबतची मैत्रीण म्हणाली, "कशाला नादी लागतीस? मासोळी मागून घे की." तिच्या वाट्या फ्रिजमध्ये होत्या.

मग प्रगती दाखवायचा दिवस आला. बाहेरून दोन परीक्षक आलेले. मी पडद्यावर कृमी दाखवले. एकालाही सोंड नाही. त्यांनी विचारलं, मग ओळखले कशावरून? सर त्यांच्याकडे वळून म्हणाले, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कोट्यातून आले की असंच."

सगळे हसले. शिपाई हसला. मैत्रीणही हसली.

रडू येत होतं आणि रडूचाच राग येत होता. म्हणाले, "आडात होतं, सर. तुम्ही माझी वाटी फ्रिजमधून काढायला लावली. डुकराची म्हणून."

एक परीक्षक चहाच्या कपात बघत बसले. शेरा मिळाला: काम असमाधानकारक.

जे झालं तेवढ्यावर मी प्रबंध लिहिला. नमुने कसे तयार केले, ते त्यात सांगावं लागतं. मी सांगितलं. नमुने डुकराचे म्हणून विभागाच्या फ्रिजमध्ये ठेवू दिले नाहीत, त्यामुळे सोंडा बाहेर आल्या नाहीत, प्रजाती निश्चित करता आली नाही. सरांनी त्यावर लाल रेघ मारली. "हे काढ. लगेच सही करतो."

माय फोनवर म्हणते, "काढ की बाई. एका वळीनं काय हुतंय? सही हू दे आधी, मंग बोल काय बोलायचं ते." तिचंही खोटं नाही. सही नाही तर पदवी नाही, पदवी नाही तर नोकरी नाही. वय चाललंय. आणि ती ओळ वाचायला कुणी येणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. प्रबंध सरांच्या कपाटात पडून राहील, बहुतेक कायमचा.

काल मी तो पुन्हा छापून आणला. ओळ होती तिथंच आहे. वाटी कुणी काढायला लावली, तेही आता त्यात घातलंय. पूर्ण नाव, हुद्द्यासकट. उद्या त्यांच्याच टेबलावर ठेवणार आहे.