खाणीच्या वळणावरची मोजणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, कन्फेशनमध्ये पाद्रीबाबांनाही नाही — तिथे गुडघे टेकून बारीकसारीक पापं सांगत राहिले आणि हे तेवढं गिळलं. आत्ता तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट. अंधेरी स्टेशनपासून बरंच आत आमचं गावठाण. बाहेर पडायला एकच रस्ता — दगडखाणीवरून जाणारा, अरुंद, दिवसभर ट्रक. पायी जा, नाहीतर कुणाच्या स्कूटरवर मागे बसा. एकेका स्कूटरवर तिघं-तिघं. त्यात पेट्रोल एकदम महागलं आणि आमचे पीटर मास्तर इरेला पेटले. गावाला बस हवी. स्कूटरी घरी राहतील, माणसं धडपणी परत येतील. बसच्या ऑफिसातून सांगितलं, आठवडाभर वळणावर उभं राहून किती माणसं जातात ते मोजून आणा. मास्तरांनी ते काम मला दिलं. मी नुकतीच टायपिंग शिकले होते — पोरगी नीटनेटकी आहे, म्हणाले.

पहिल्या दिवशी मी सगळं नीट मोजलं. दुसऱ्या दिवशी एक ट्रक वळताना त्याची मागची बाजू इतकी आत आली की मी भिंतीला चिकटले. त्याचा फाळका छातीसमोरून गेला — वीतभर अंतर असेल, नसेल. ट्रक थांबलाही नाही. मी पळत सुटले.

पुन्हा गेले नाही. सांगितलं असतं तर? मास्तरांनी दुसऱ्या कुणाला उभं केलं असतं, एवढंच ना? पण भित्री म्हणतील, याचीही भीती होतीच. मग रोज सकाळी घरातून निघायचे, चर्चमागच्या चिंचेखाली बसायचे आणि मनाने आकडे भरायचे. कमी भरले — मुद्दाम. जास्त लिहिले तर कुणी तपासायला येईल. कमी आकड्यावर कोण संशय घेतो? पहिल्या दिवसाचा खरा आकडाही खोडला आणि बाकीच्यांशी जुळवला.

कागद घेताना मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाय, एवढीच माणसं? तू उभी होतीस ना गं?"

"हो मास्तर. रोज."

बस मिळाली नाही. प्रवासी पुरेसे नाहीत, असं पत्र आलं.

शेजारच्या रेजिनाचा नवरा बेनी म्हणायचा, बस येऊ दे, दुसऱ्या दिवशी स्कूटर विकतो. पाऊस सरल्यावर त्याच वळणावर ट्रकने त्याला दाबलं. जागीच गेला. मागे बसलेली रेजिना वाचली, पण तिचा डावा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

बातमी ऐकल्यावर माझ्या मनात आधी काय आलं, सांगू? आता कुणीतरी ते कागद काढून बघेल. बेनी मेला होता — आणि मी माझ्याच अक्षराला घाबरत होते. कितीतरी दिवस दार वाजलं की मी आधी खिडकीतून बघायचे. कुणी आलं नाही.

रेजिना हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा मी तिला पेज भरवत होते. मास्तर आले. दारातच उभे राहिले, हात जोडले.

"रेजिना, माझ्याच मोजणीत खोट राहिली असणार. माझ्यामुळे बस आली नाही."

"तुम्ही काय करणार, मास्तर?" ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "ही बिचारी पण रोज उन्हात उभी राहिली ना."

मास्तरांनी मान हलवली. मी पुढचा चमचा तिच्या तोंडापुढे धरला.

मास्तर तो दोष स्वतःवर घेऊनच गेले. रेजिना अजून शेजारीच राहते.

मी मोजलं नव्हतं.