पपईच्या गाडीतून

आम्ही दोघं चुलतभाऊ थंड गाडी चालवायचो, म्हणजे मागच्या बंद पेटीला गारव्याचं मशीन लावलेला ट्रक. उमापूरकडची पपई भरायची आणि आळीपाळीनं स्टिअरिंग धरत दिल्लीला पोचवायची. दादा थोरला. ढाब्यावर ताट समोर आलं तरी त्याचा कान मशीनकडं असायचा. आवाज जरा बदलला की घास ठेवून उठायचा.

त्या उन्हाळ्यात दिल्लीच्या मंडीत माल उतरवला आणि दादा चाकापाशी खाली बसला. "छातीत लई दाबल्यासारखं होतंय," एवढंच बोलला. हमालांनी उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

वहिनीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "भावजी, त्यांला तिकडं जाळू नका. मला बघायचंय."

बाहेर अंग भाजणारं ऊन होतं. घर दूर. मी गाडीमालकाला फोन लावला. तो म्हणाला, "गाडी रिकामीच येणार हाय. आण त्याला. वाटंत मशीन बंद पडू देऊ नको."

पेटी धुतली तरी पपईचा वास गेला नाही. दादाला गादीवर निजवलं, हलू नये म्हणून पट्टे आवळले. आवळताना "लागलं का?" असं माझ्या तोंडून निघून गेलं.

इंदूरच्या अलीकडं डिझेल भरताना ओळखीचा एक ड्रायव्हर भेटला. "काय माल हाय बे?"

"दादा हाय," मी म्हणालो.

तो हसला. दादा केबिनमध्ये झोपलाय असं त्याला वाटलं. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यानं चप्पल काढली, मागच्या दाराला हात लावून नमस्कार केला. धुळ्यापर्यंत त्याची गाडी माझ्या मागोमाग होती.

आमच्या गावात, तलवाड्यात, अख्खी आळी रस्त्यावर उभी होती. दार उघडलं तशी गार वाफ बाहेर आली. वहिनी पेटीत चढली, दादाच्या गालाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. "अगं बाई, किती गार पडलेत!" म्हणून पदरात घेऊन त्याचे हात चोळायला लागली. बायका तिला धरायला पुढं झाल्या. मी म्हणालो, "राहू द्या जरा."

पुढं मालकानं दुसरा जोडीदार दिला. माणूस चांगला होता, पण मी ती गाडी सोडली. आता उघड्या टेम्पोनं गेवराईला भाजी नेतो. पहाटे भरतो, ऊन चढायच्या आत उतरवतो.