एका वर्षाचा करार

आमचा लाडका फुटबॉल क्लब सातासमुद्रापार इंग्लंडात आहे, पण त्याचा कारभार आम्ही तिघं रुआबांध्यातल्या चहाच्या टपरीवरून चालवायचो. पहिली पाळी सुटली की पोलादाच्या प्लांटच्या गेटातून थेट तिथेच. त्या दुपारी प्रश्न होता, अमेरिकन स्ट्रायकर घ्यावा की नाही. एक जण म्हणे, डोळे मिटून घ्या. माझं टाळकं सरकलं.

"तिकडच्या लीगमदले गोल का गोल हायेत? एक सालचा करार द्या. चालला तं ठेवा, नाही तं हाकला!"

आमच्यातला तिसरा प्लांटात ठेकेदाराकडे होता. मी त्याला डिवचलं, "कावून रे, बोलत कावून नाही?"

"भाऊ," तो म्हणाला, "सालभराच्या करारावर मानूस गोलाकडे नाही पाहत. गेटाकडे पाहते."

मी मोठ्यानं हसलो. मग त्यानं खिशातून गेटपास काढून बाकावर ठेवला. मुदत त्याच दिवशी संपत होती, आणि ठेकेदारानं या वेळी नवा पास करून दिला नव्हता. अकरा वर्षं तो भट्टीवर माझ्या शेजारी राबला. मी परमनंट, त्याचा पास दर वर्षी नवा लागतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी तसं बोललो.

पुढे क्लबानं त्या अमेरिकनाला पाच वर्षांसाठी घेतलं. आम्ही दोघांनी टपरीवर बातमी वाचली. तिसऱ्याला फोन करायची हिंमत कोणालाच झाली नाही.